सोसायटीच्या ऑफिसातला जुना पीसी: फुकटात काय काय टाकावं?

सचिव_मुलुंड

५६ फ्लॅटची सोसायटी, तळमजल्यावर ऑफिस, एकच पीसी. चौथ्या पिढीचा आय-३, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज १०. कामं नेहमीचीच: मराठी-इंग्रजी नोटिसा, मेंटेनन्सचा हिशेब, कपाटातल्या जुन्या कागदांचं स्कॅनिंग, बँकेला आणि उपनिबंधक कार्यालयाला पीडीएफ पाठवणं. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत, नोटीस पूर्ण १४ दिवस आधी. म्हणजे ऑगस्टपर्यंत सगळं सुरळीत हवं.

विकतचं ऑफिस पॅकेज घ्यायला कमिटी तयार नाही आणि क्रॅक केलेलं काहीही मशीनवर येणार नाही, एवढं ठरलंय. फुकटात काय टाकावं, कुठल्या क्रमानं, काय टाळावं? 'गूगल करा' सोडून काहीही सांगा.

लॅमिंग्टनवाला

सॉफ्टवेअरच्या आधी डिस्क बघा. डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो उतरवून घ्या, इन्स्टॉल न करता चालणारी झिप मिळते. वर निळ्या रंगात 'गुड' दिसलं म्हणून खूश होऊ नका. खालच्या यादीत ०५, सी५ आणि सी६ या तीन ओळी शोधा. ०५ म्हणजे खराब झाल्यामुळे बदलून घेतलेले सेक्टर, सी५ म्हणजे वाचता येत नसल्यामुळे लटकलेले, सी६ म्हणजे हाताबाहेर गेलेले. 'रॉ व्हॅल्यूज'चा रकाना मुळात हेक्साडेसिमलमध्ये असतो, फंक्शन मेनूतल्या ॲडव्हान्स्ड फीचरमधून तो दशमानात आणता येतो. सी५ किंवा सी६ शून्य नसेल तर त्या डिस्कवर नवं काहीही टाकू नका. आधी सगळा डेटा बाहेर काढा.

डिस्क धडधाकट निघाली तरी २४० किंवा २५६ जीबीची साटा एसएसडी (फिरते भाग नसलेली डिस्क) घ्याच. या मशीनचा संथपणा बहुतेक फिरत्या डिस्कचा असतो, प्रोसेसरचा नाही. रॅम ८ जीबी करा. चौथ्या पिढीला डीडीआर३ लागते. डीडीआर४ची खाच वेगळ्या जागी असते, ती बसतच नाही. लॅमिंग्टन रोडच्या संगणक-बाजारात जाताना जुनी पट्टी सोबत न्या, दुकानदाराला तोंडी समजावत बसू नका.

इथे एक जण हमखास अडकतो. डिस्कची हुबेहूब प्रत काढणारं क्लोनझिला फुकट आहे म्हणून लोक ५०० जीबीची डिस्क २४० जीबीच्या एसएसडीवर क्लोन करायला जातात आणि ते नकार देतं. डेटा ९० जीबीच असला तरी क्लोनझिलाला नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठी हवी असते. आधी पार्टिशन आक्रसून घेतलं तर जमतं, पण त्या खटाटोपापेक्षा नवं इन्स्टॉलेशन बरं. दहा वर्षांचा कचराही जातो.

फलाट_क्र_३

वरच्याशी सहमत, पण नवं इन्स्टॉलेशन कशाचं? विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. घरगुती वापरासाठीचे वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६पर्यंतच. विंडोज ११ला अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, म्हणजे हे मशीन बाद. रूफस या साधनानं इन्स्टॉलेशनचा पेनड्राइव्ह बनवताना या अटी वगळता येतात, पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्या मशीनवरून सोसायटीचं नेटबँकिंग होतं तिथे मी हा मार्ग सुचवणार नाही.

त्यापेक्षा विंडोजऐवजी लिनक्स मिंट २२ ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टिम टाका, तिची हलकी एक्सएफसीई आवृत्ती. २ जीबी रॅमवर चालतं, ४ जीबीवर बरं चालतं. अपडेट २०२९पर्यंत.

मानद_खजिनदार

मिंट म्हणणं सोपं आहे हो. टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं. डिजिटल सही करण्याचा यूएसबी टोकन असेल तर त्याचा ड्रायव्हर लिनक्ससाठी आहे का ते आधी बघावं लागतं. आणि प्रिंटर! कॅनॉनच्या एलबीपी २९००सारखे जुने लेझर प्रिंटर मुंबईतल्या निम्म्या ऑफिसांत आहेत. त्यांना कॅप्ट नावाचा वेगळाच ड्रायव्हर लागतो आणि लिनक्सवर तो चालवणं म्हणजे रविवार घालवणं.

फलाट_क्र_३

मान्य. म्हणूनच आधी इन्स्टॉल करायचंच नाही. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर व्हेंटॉय (पेनड्राइव्हवरून पीसी सुरू करून देणारं साधन) टाका आणि मिंटची आयएसओ फाइल (इन्स्टॉलेशनची पूर्ण प्रत) त्यावर नुसती कॉपी करा. पीसी पेनड्राइव्हवरून सुरू करून मिंट 'लाइव्ह' चालवा, डिस्कला हात लागत नाही. तीनच गोष्टी तपासा: छपाई, स्कॅनिंग, वाय-फाय. सिक्युअर बूट (अनोळखी सिस्टिम सुरू होऊ न देणारी सोय) चालू असेल तर व्हेंटॉय पहिल्यांदा निळ्या पडद्यावर की नोंदवायला सांगतं. लोक तिथे घाबरून पीसी बंद करतात. 'एनरोल की फ्रॉम डिस्क' निवडून पुढे जायचं.

तिन्ही चाललं आणि टॅली लागत नसेल तर मिंट. नाहीतर विंडोज ११ चालेल असं जुनं मशीन घ्यायला कमिटीला सांगा. पुढे सुचवलेलं बहुतेक सगळं दोन्हीकडे चालतं.

वेलांटी

मराठीबद्दल सविस्तर लिहिते, कारण घोळ तिथेच होतो.

लिबरऑफिस टाका. ते २०१०मध्ये ओपनऑफिसपासून वेगळं झालं. ओपनऑफिस अजून मिळतं, पण त्याची वाढ जवळपास थांबली आहे, ते नको. टूल्सच्या ऑप्शन्समध्ये भाषेच्या विभागात 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट'वर खूण करून मराठी निवडा. हे सगळे वगळतात. मग सॉफ्टवेअर मजकुराला हिंदी धरतं आणि नोटिशीत दंडवाला ल, हिंदी वळणाचा श येतो. मराठी वळणाचे ल आणि श देणारे टंक (फॉन्ट) बरेच आहेत, पण त्यातले काही फक्त भाषा 'मराठी' असेल तरच ते रूप दाखवतात. तिरो देवनागरी मराठी हा टंक मुळातच मराठी वळणाचा आहे, नोटिशीच्या छपाईला देखणा. फलकावरच्या जाड मथळ्यासाठी मुक्त किंवा बलू घ्या, दोन्ही मुंबईच्याच एक टाइपचे. संस्कृत जोडाक्षरं लागत असतील तर आयआयटी मुंबईचा शोभिका. हे चारही खुल्या परवान्याचे, ऑफिसात वापरायला मोकळे.

टंकलेखन: विंडोजच्या सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, मग लँग्वेज, मराठी जोडा, त्याच्या ऑप्शन्समध्ये जाऊन 'मराठी फोनेटिक' कीबोर्ड घ्या. २०१९च्या मे अपडेटपासून तो विंडोजमध्येच आहे, वेगळं काही उतरवायला नको. मराठी जोडताना 'डिस्प्ले लँग्वेज करा' यावरची खूण काढा, नाहीतर सगळे मेनू मराठीत होतात आणि फोनवरून मदत करणाऱ्याची पंचाईत होते. भाषा बदलायला विंडोजची की आणि स्पेस.

आता मुख्य गोष्ट. 'पदाधिकाऱ्यांची निवड' शोधलं आणि फाइलमध्ये समोर दिसत असूनही सापडलं नाही, असं होतं ना? कारण ऱ्य दोन प्रकारे लिहिला जातो. एकात नुक्त्याचा ऱ, हलन्त, य. दुसऱ्यात साधा र, हलन्त, एक अदृश्य जोडचिन्ह, य. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला दोन वेगळे शब्द. एक नोटीस फोनवर लिहिली, दुसरी पीसीवर, की फाइलमध्ये 'कर्मचाऱ्यांचा' आणि 'कर्मचार्‍यांचा' शेजारी शेजारी नांदतात. सदस्यांची यादी अक्षरानुक्रमे लावली की आडनावंही दोन जागी जातात. ऱ्हचंही तेच, 'कऱ्हाडे' तपासा.

नुक्त्याचा ऱ हाच धरून चाला. इनस्क्रिप्ट या सरकारी कीबोर्ड मांडणीवर: शिफ्ट धरून जे, मग डी, मग तिरप्या रेषेची की. जुन्या फाइलींत 'फाइंड अँड रिप्लेस' उघडा, मजकुरातूनच एक चुकीचं ऱ्य कॉपी करून वरच्या चौकटीत चिकटवा, खालच्या चौकटीत बरोबर, आणि 'रिप्लेस ऑल'. एकदाच करायचं काम आहे.

चाळकरी_गिरगाव

वेलांटी, हे ऱ्य प्रकरण सोन्यासारखं आहे. यादीत एकच आडनाव दोनदा का दिसतं याचा उलगडा झाला.

मानद_खजिनदार

हिशेबासाठी लिबरऑफिसमधलं कॅल्क पुरेसं आहे. मूळ फाइल कॅल्कच्या ओडीएस स्वरूपात ठेवा, ऑडिटरला एक्सेलची एक्सएलएसएक्स करून द्या.

बँकेचं स्टेटमेंट सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी रकाने तोडलेली साधी मजकूर-फाइल) येतं, ते डबलक्लिक करून घाईनं उघडू नका. कॅल्क आधी 'टेक्स्ट इम्पोर्ट'ची खिडकी दाखवतं आणि सगळे तिथे न बघता ओके दाबतात. चार गोष्टी करा:

कॅरॅक्टर सेट 'युनिकोड, यूटीएफ-८' असू द्या. नाहीतर मराठी नावांच्या जागी टोप्या घातलेली रोमन अक्षरं येतात. खाली नमुन्यात तारखेच्या रकान्याच्या डोक्यावर क्लिक करून प्रकार 'डेट', दिवस-महिना-वर्ष असा निवडा. न केल्यास ०३/०४ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च हे संगणक ठरवतो. १२ तारखेपर्यंतच्या नोंदी उलट्या पडतात आणि १३पासूनच्या नुसता मजकूर म्हणून राहतात. बेरीज जुळते, महिने जुळत नाहीत. चेक नंबरचा रकाना 'टेक्स्ट' करा, कारण सहा आकडी चेक नंबर ००४५१२चा ४५१२ होतो. फ्लॅट नंबरही 'टेक्स्ट', नाहीतर १/२ या खोलीची १ फेब्रुवारी होते.

शेवटचं एक्सेलमध्येही होतं. आणि झाल्यावर सेलचं फॉरमॅट बदलून मूळ नंबर परत येत नाही, फाइल पुन्हा आयात करावी लागते.

खाकी_फाईल

स्कॅनिंगसाठी नॅप्स-टू. फुकट, खुल्या स्रोताचं, विंडोज आणि लिनक्स दोन्हीवर. स्कॅनरसोबत येणाऱ्या जड सॉफ्टवेअरची गरज उरत नाही. कागदाचा फीडर दिसत नसेल तर प्रोफाइलमध्ये विया ऐवजी ट्वेन ड्रायव्हर निवडून बघा.

किती डीपीआय (इंचात किती ठिपके)? गणित करा. ए-४ पान ३०० डीपीआयला २४८० × ३५०८ पिक्सेल भरतं. रंगीत असेल तर कच्चा डेटा २६ एमबी, राखाडी असेल तर ८.७ एमबी, निव्वळ काळं-पांढरं १.१ एमबी. कॉम्प्रेशननंतर सगळंच खूप कमी होतं आणि प्रमाणही बदलतं, पण क्रम साधारण हाच राहतो. इतिवृत्तं आणि पत्रव्यवहार राखाडीत, ३०० डीपीआय. शेअर सर्टिफिकेट, स्टँप लावलेले करार, हिरव्या शाईच्या सह्या रंगीत. काळं-पांढरं फक्त स्वच्छ छापील कागदांना. फिकट जांभळा रबरी शिक्का त्यात चक्क नाहीसा होतो आणि शिक्का नसलेला कागद कोणी घेत नाही.

दोन्ही बाजूंचे कागद एकबाजू फीडरमधून: आधी सगळ्या पुढच्या बाजू, मग गठ्ठा तसाच उलटून मागच्या. मागच्या बाजू उलट्या क्रमानं येतात. 'रीऑर्डर' मेनूत 'आल्टरनेट इंटरलीव्ह' दाबलं की पानं आपोआप जागेवर. हे बटण माहीत नसल्यानं लोक ८० पानं हातानं ओढत बसतात.

ओसीआरच्या (चित्रातली अक्षरं ओळखण्याच्या) बटणात मराठी आणि इंग्रजी या दोन्ही भाषा उतरवून घ्या, म्हणजे पीडीएफमध्ये शब्द शोधता येतो. आत टेसरॅक्ट हे अक्षरं ओळखणारं इंजिन आहे. छापील मजकूर बरा वाचतो. टंकलेखन यंत्रावरच्या जुन्या इतिवृत्तात भ आणि म, ध आणि घ, थ आणि य यांची अदलाबदल करतो. शोधण्यापुरतं ठीक, तसंच्या तसं उतरवून घेऊ नका.

सचिव_मुलुंड

दोन प्रश्न. मराठी पीडीएफमधून मजकूर कॉपी केला की वेलांट्या भलतीकडे जातात. आणि भाडेकरूंच्या आधारच्या प्रती पुढे पाठवताना नंबर झाकायचा असतो, पीडीएफवर काळा चौकोन काढला तर चालेल?

खाकी_फाईल

पहिलं: पीडीएफमध्ये अक्षरांची चित्रं असतात आणि कुठलं चित्र म्हणजे कुठलं अक्षर याचा तक्ता. पहिली वेलांटी दिसते आधी आणि युनिकोडमध्ये येते नंतर, जोडाक्षरांचं चित्रच वेगळं. तक्ता अर्धवट असला की कॉपी केल्यावर भजं होतं. दुरुस्त करत बसू नका. त्या पीडीएफच्या पानांची आधी चित्रं करा, ती नॅप्स-टूमध्ये आयात करून त्यांच्यावर ओसीआर करा, जास्त शुद्ध येतं.

दुसरं: अजिबात नाही. काळा चौकोन हा वर ठेवलेला कागद आहे, खालचे आकडे तसेच असतात. चौकोन हलवला किंवा मजकूर निवडून कॉपी केला की बाहेर. पीडीएफ लिबरऑफिसमध्ये उघडा, टूल्समध्ये 'रिडॅक्ट', चौकोन काढा, मग रिडॅक्शनच्या पट्टीतूनच काळ्या रंगात निर्यात करा. ते पान चित्र बनून बाहेर पडतं. पाठवण्याआधी बनलेली फाइल उघडून झाकलेल्या जागेवरचा मजकूर निवडता येतो का बघा. त्याहून सोपं म्हणजे भाडेकरूलाच यूआयडीएआयच्या साइटवरून 'मास्क्ड आधार' काढून द्यायला सांगा, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

पानं जोडणं-तोडणं पीडीएफसॅम बेसिकमध्ये. आकार कमी करायला पीडीएफ२४, पण त्याचं विंडोजवर बसणारं ॲप घ्या. त्यांच्या वेबसाइटवर केलं तर फाइल त्यांच्या सर्व्हरवर जाते. सदस्यांचे कागद तिकडे पाठवायचं कारण नाही.

फोटो_५०_केबी

फॉर्मच्या 'फोटो ५० केबीच्या आत'साठी: आधी पिक्सेल कमी करा, मग दर्जा. लोक फोनचा ४००० पिक्सेलचा फोटो तसाच ठेवून दर्जा १० टक्क्यांवर आणतात आणि चेहऱ्याचे चौकोन होतात. रुंदी ४०० पिक्सेलवर आणली की ७५-८० टक्के दर्जातही फोटो ५० केबीत सहज मावतो. स्क्वूश हे वेब-ॲप ब्राउझरमध्येच काम करतं, फोटो कुठेही चढवत नाही आणि आकार किती झाला ते तिथेच दिसतं.

परवाना_बघा

सगळेच 'फुकट, फुकट' म्हणताहेत, पण फुकटाचे प्रकार आहेत. इरफानव्ह्यू, एनीडेस्क, नाइनाइट हे घरगुती किंवा वैयक्तिक वापराला फुकट आहेत. सोसायटीचं ऑफिस म्हणजे घर नव्हे. लिबरऑफिस, ७-झिप, व्हीएलसी, सुमात्रापीडीएफ, नॅप्स-टू, कीपासएक्ससी यांना ही अट नाही. एकाच वेळी शंभर फोटोंचा आकार बदलायचा असेल तर मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइजमधलं इमेज रिसाइझर. दुरून मदत करायला रस्टडेस्क.

त्यावरून: बँकेचा म्हणून कोणी फोन करून असलं ॲप टाकायला सांगितलं तर फोन ठेवा. पैसे गेलेच तर लगेच १९३० ही सायबर-फसवणुकीची हेल्पलाइन.

उतरवताना सर्च इंजिनमधला पहिला निकाल जाहिरात असू शकतो. ७-झिपची खरी साइट डॉट ऑर्गवर आहे, डॉट कॉमवर नाही. व्हीएलसी व्हिडिओलॅनच्या साइटवरूनच.

लॅमिंग्टनवाला

बॅकअपचं अजून कोणी बोललं नाही. विंडोजमधली 'फाइल हिस्ट्री' पुरेशी आहे, बाहेरची डिस्क जोडा आणि चालू करा. अट एक: ती फक्त डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप, पिक्चर्स असे ठरावीक फोल्डर उचलते. सोसायटीचा डेटा डी ड्राइव्हवर 'सोसायटी २०१८' नावाच्या फोल्डरात असेल तर त्याची एकही प्रत निघत नाही आणि सगळं छान चाललंय असं दिसत राहतं. 'मोअर ऑप्शन्स'मध्ये तो फोल्डर हातानं जोडा. महिन्यातून एकदा कुठलीही एक फाइल परत काढून, उघडून बघा.

मिंटवर गेलात तर टाइमशिफ्टच्या भरवशावर राहू नका, ते सिस्टिमसाठी आहे. फायलींना 'बॅकअप टूल' किंवा डुप्लिकाटी.

डिस्क दोन घ्या, आठवड्याला आलटूनपालटून. एक कायम वरच्या मजल्यावर कोणाच्या तरी घरी. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला होता. तळमजल्यावरचं ऑफिस आणि त्याच टेबलाच्या खणातला बॅकअप हे दोन्ही एकाच पाण्यात जातात. डिस्क सतत जोडून ठेवू नका, रॅन्समवेअर (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) तिलाही कुलूप लावतं. गूगल ड्राइव्हशी सिंक केलेला फोल्डर बॅकअप नव्हे. इकडे पुसलं की तिकडेही पुसलं जातं, आणि फुकटातले १५ जीबी जीमेल आणि फोटोंसकट आहेत.

परवाना_बघा

पासवर्ड कीपासएक्ससीत. सगळे एका कुलूपबंद फाइलमध्ये राहतात, इंटरनेट लागत नाही. मुख्य पासवर्ड चार-पाच असंबद्ध मराठी शब्दांचा, कागदावर लिहून बंद पाकिटात, तिजोरीत. कमिटीची मुदत ५ वर्षांची, पुढच्यांना ही फाइल आणि पाकीट द्यायचं. मात्र सोसायटीच्या जीमेलचा रिकव्हरी नंबर त्याच दिवशी बदला. नाहीतर पासवर्ड बरोबर असूनही ओटीपी माजी सचिवांच्या फोनवर, आणि ते गावी.

सचिव_मुलुंड

शेवटचं. २००४ ते २०११ची इतिवृत्तं जुन्या टंकात आहेत. फाइल उघडली की नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं. त्यांचं काय करायचं?

वेलांटी

त्या काळचे टंक इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठीची चित्रं बसवायचे. आधी ज्या मशीनवर तो टंक आहे तिथे प्रत्येक फाइल जशी दिसते तशी पीडीएफ करून ठेवा. हा पुरावा, याला पुढे हात लावायचा नाही.

मग युनिकोड परिवर्तक. फाइलमधल्या एखाद्या ओळीवर क्लिक करून टंकाचं नेमकं नाव बघा. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी, प्रत्येकाचा तक्ता वेगळा, आणि श्रीलिपीत तर टंकागणिक वेगळा. चुकीचा तक्ता निवडला तर नव्वद टक्के बरोबर येतं, तेच धोक्याचं. ऑनलाइन परिवर्तक वापरत असाल तर पान उघडल्यावर वाय-फाय बंद करून बघा. तरीही चाललं तर मजकूर बाहेर जात नाही.

पूर्ण फाइल एकदम टाकू नका. मधे आलेले इंग्रजी शब्द, ईमेल, गाडीचे नंबर यांचीही 'मराठी' होते. परिच्छेद-परिच्छेद घ्या, इंग्रजी भाग वगळा. नंतर पीडीएफशी ताडून पाहताना रफार, पहिली वेलांटी, ॲ आणि ऱ्य आधी बघा. आकडे सर्वांत शेवटी, पण एकेक करून. ठरावातली रक्कम परिवर्तकानं बदलली तर शुद्धलेखन तपासणारं कुठलंही सॉफ्टवेअर ती पकडणार नाही.